विरोधाची दोन मते

भोपाळ संस्थानाचा कारभार १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी पाहिला. पुढे १९५७ व १९६२ साली भोपाळने मैमूना सुलतान यांना लोकसभेत पाठविले. त्यानंतर मात्र या शहरातून स्त्री खासदार निवडून यायला १९९९ साल उजाडले. त्या उमा भारती. हा इतिहास ठाऊक असला, म्हणजे २० सप्टेंबर २०२३ चे लोकसभेतील मतदान अधिक चांगले समजते.

त्या दिवशी लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखणारे घटनादुरुस्ती विधेयक मतास आले. बाजूने ४५४, विरुद्ध २. साधे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तर कोणी कसे मत दिले याची नोंद राहत नाही. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि मत देणाऱ्या उपस्थितांपैकी दोनतृतीयांश पाठिंबा लागतो. मते मोजावीच लागतात. म्हणून ते दोघे आपणांस कळले: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी व आपल्या मराठवाड्यातील औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील.

ओवैसींनी कारण उघड सांगितले. इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांना यात वेगळा वाटा नाही, लाभ सवर्ण स्त्रियांनाच होईल. त्यांच्यासाठी दोघे तरी झगडले हे कळावे, म्हणून विरोध. मैमूना सुलतान राखीव जागेविना निवडून आल्या, हे खरे. पण त्यांच्यानंतर भोपाळहून एकही मुस्लिम स्त्री लोकसभेत गेली नाही, हेही खरेच.

अडचण अशी, की लोकसभेत राखीव जागा केवळ अनुसूचित जाती-जमातींना आहेत. धर्मानुसार जागा ठेवण्याची कल्पना घटना समितीने १९४९ साली सोडून दिली. मागासवर्गीयांच्या वाट्याची मागणी मात्र जुनीच. १९९६ साली कर्नाटकचे देवेगौडा पंतप्रधान असताना पहिले विधेयक आले, तेव्हा उमा भारतींनीही ती केली होती. २०२३ मध्ये इतर पक्षांनीही ती मांडली आणि मत बाजूने दिले.

मला ओवैसींचे कारण वजनदार वाटते, मत तितकेसे नाही. ४५४ समोर असता विरोध परवडतो; दोनच मतांवर विधेयक अडले असते, तर त्यांनी काय केले असते? अर्थात बाजूच्यांनीही एक अट गिळलीच: पुढची जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्याशिवाय आरक्षण लागू नाही. त्यामुळे २०२४ साली भोपाळची जागा पूर्वीसारखीच खुली राहिली व तेथून आलोक शर्मा निवडून आले.