कार्नेगी हॉल

कार्नेगी हॉल हे अमेरिकेच्या न्यू यॉर्क शहरातील मॅनहॅटन भागात, सेव्हन्थ ॲव्हेन्यू आणि ५७वा रस्ता यांच्या नाक्यावर असलेले संगीत सभागृह आहे. १८९१ साली सुरू झालेले हे सभागृह पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित रंगमंचांपैकी एक मानले जाते. १९६० साली ते पाडले जाण्याच्या बेतात होते.

उभारणी

पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी १८८७ साली विवाहानंतर स्कॉटलंडला निघाले असता जहाजावर त्यांची तरुण संगीतसंचालक वॉल्टर डॅमरॉश यांच्याशी गाठ पडली. वाद्यवृंद आणि गायकवृंद यांच्यासाठी न्यू यॉर्कला चांगल्या सभागृहाची गरज आहे, हे डॅमरॉश यांनी पटवून दिल्यावर कार्नेगी यांनी खर्चाची जबाबदारी घेतली. आराखडा करणारे वास्तुविशारद विल्यम टटहिल हे हौशी चेलोवादकही होते. पोलादाच्या पैशातून उभारलेल्या या इमारतीच्या मूळ बांधकामात पोलादी सांगाडा मात्र नव्हता. तिचा सारा भार जाड विटांच्या भिंतींवर होता. मुख्य सभागृहात सुमारे २,८०० आसने आहेत.

५ मे १८९१ रोजीच्या उद्‌घाटनप्रसंगी रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी स्वतःच्या रचनेचे संचालन केले. द्वोरझाक यांची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी १६ डिसेंबर १८९३ रोजी येथेच प्रथम सादर झाली.

पाडकामाचे संकट

कार्नेगी यांच्या निधनानंतर १९२५ साली त्यांच्या पत्नीने ही वास्तू स्थावर मालमत्तेचे व्यावसायिक रॉबर्ट सायमन यांना विकली. १९५०च्या दशकात सभागृहाचा प्रमुख भाडेकरू असलेल्या न्यू यॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने नियोजित लिंकन सेंटरमध्ये जाण्याचे ठरवले. हे उत्पन्न बंद होणार असल्याने सायमन यांच्या मुलाने ही मालमत्ता विकण्यास काढली. तिच्या जागी लाल रंगाची ४४ मजली इमारत उभारण्याची योजना पुढे आली. एका शहराला दोन मोठी सभागृहे परवडणार नाहीत, असाही युक्तिवाद होत होता.

व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांच्या पुढाकाराने याविरुद्ध मोहीम उभी राहिली. राज्य विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष कायद्यामुळे १९६० साली शहर प्रशासनाला ही वास्तू ५० लाख डॉलरना विकत घेता आली व ती एका ना-नफा संस्थेकडे चालवण्यास देण्यात आली. वाद्यवृंदाचे १९६२ साली उघडलेले नवे सभागृह ध्वनीच्या बाबतीत टीकेचे धनी ठरले. १९७६ साली त्याचा अंतर्भाग पाडून पुन्हा बांधावा लागला. कार्नेगी हॉलच्या मुख्य सभागृहाला १९९७ साली स्टर्न यांचे नाव देण्यात आले.

नूतनीकरण आणि ध्वनी

१९८६ साली सभागृह काही महिने बंद ठेवून मोठे नूतनीकरण झाले. त्यानंतर पूर्वीचा नाद हरपल्याची तक्रार सुरू झाली. व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही, तरी ती नऊ वर्षे थांबली नाही. अखेर १९९५ साली रंगमंचाच्या लाकडी तक्तपोशीखाली काँक्रीटचा थर आढळला आणि तो काढून टाकण्यात आला.