वहिवाटीचा हक्क

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात एडेल नावाचे लहानसे खेडे आहे. मँचेस्टरहून आगगाडीने पाऊण तासात तेथे पोहोचता येते. या खेड्यातून 'पेनाइन वे' ही पायवाट निघते आणि डोंगररांगेच्या कण्यावरून उत्तरेकडे सुमारे ४३१ किलोमीटर जाऊन स्कॉटलंडच्या हद्दीत संपते. संपूर्ण वाट चालण्यास अडीच-तीन आठवडे लागतात. चिरंजीवांकडे मुक्कामी असताना मी तिचे पहिले तीन टप्पे चाललो. जून महिन्यात तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या प्रवाशाला घाई करावी लागत नाही. पाठीवरच्या पिशवीत खाखरे, थेपले आणि भाजलेले चणे असले की मुक्कामापर्यंत चिंता नाही.

वाट कोठे खासगी कुरणातून जाते, कोठे शेतकऱ्याच्या अंगणालगत. मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून दगडी कुंपणाला पायऱ्या किंवा लहान फाटक ठेवलेले असते. आपण फाटक उघडावे, आत जावे, मागे लावून घ्यावे. कोणी हटकत नाही. जमीन मालकाची, पण वहिवाट सर्वांची.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. एडेलजवळचे किंडर स्काउट हे पठार पूर्वी रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. वर्षातील मोजके दिवस बंदुकीचे बार काढता यावेत म्हणून बाकीचे दिवसही लोकांना तेथे मज्जाव! २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काही शे तरुण, बहुतेक कामगार, पठारावर चढून गेले. मालकाच्या रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने पेनाइन डोंगरांवरून अखंड पायवाट असावी अशी कल्पना वृत्तपत्रातून मांडली. १९४९ च्या कायद्याने स्थानिक मंडळांवर आपल्या हद्दीतील पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. १९६५ मध्ये, त्याच २४ एप्रिलला, 'पेनाइन वे' खुली झाली. शेतकऱ्याने वाटेवर नांगर फिरवला तर चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची वाट पूर्ववत करून द्यावी लागते. बँकेत गहाणखतांवरील बोजे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही तरतूद फार आवडली.

पठारावरची जमीन काळी, दलदलीची. पावलांनी ती उखडू लागली तेव्हा काही भागांत मोठ्या फरशा अंथरण्यात आल्या. त्यांतील बऱ्याच फरशा पाडून टाकलेल्या कापडगिरण्यांच्या तळमजल्यांतील आहेत. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला ज्या लँकेशायरच्या गिरण्यांमुळे तेजी आली, त्याच भागातील या गिरण्या. कापसाच्या पेढीवर वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते नाव अपरिचित नव्हते.

त्या फरशांवरून चालताना मनात विचार येई तो आपल्या साधू-साध्वींच्या विहाराचा. चातुर्मास सोडला तर वर्षभर अनवाणी चालणारा हा वर्ग आज महामार्गाच्या कडेने, मालमोटारींना अंग चोरून चालतो. अपघाताची बातमी आली की आपण हळहळतो. ठिकठिकाणी विहारधाम बांधण्यास दाते पुढे येतात, हे उत्तमच. परंतु दोन विहारधामांना जोडणाऱ्या निर्धोक वाटेसाठी कोणाची पावती फाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वाटेवर नावाची पाटी लागत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

वास्तविक वाटा आपल्याकडेही होत्या आणि कागदावर अजून आहेत. गावनकाशात पाणंद आणि शिवरस्ते दाखवलेले असतात. शेताकडे जाणाऱ्या रूढ वाटेवर अडथळा केला गेला तर तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारांना दिलेला आहे. आपल्यातील अनेक कुटुंबांच्या शेतजमिनी महामार्गालगतच आहेत. त्यांनी आपापल्या गावचा नकाशा एकदा उलगडून पाहावा आणि बांध सरकत सरकत आपल्याच गटात पाणंद किती आली आहे, ते मोजून घ्यावे. आमच्या तालुक्यातील एका गावचा नकाशा मी पाहिला. त्यातील पाणंद गावाच्या वेशीपासून थेट पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जाते. प्रत्यक्षात तिच्या निम्म्या लांबीवर आज ऊस उभा आहे.