प्रत कोणी ठरवायची? : शातो मूताँ रॉथशिल्डची गोष्ट

वाइनची प्रत मातीत ठरते, असे फ्रेंच परंपरा सांगते. मूताँ रॉथशिल्डचा इतिहास वाचताना मला मात्र दिसले ते असे, की मातीइतकाच बाजारही बोलतो. आणि एखादा हट्टी माणूस भेटला, तर दोघांनाही त्याचे ऐकावे लागते.

आधी माती पाहू. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या काठी पॉयाक गाव आहे. तिथली जमीन खडीची. पाणी ठरत नाही, म्हणून मुळे ओलाव्यासाठी खोल जातात. दिवसा तापलेली खडी उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यॉ द्राक्षाला ऊब देते. या द्राक्षाची साल जाड. त्यामुळे वाइन गडद आणि तुरट होते. ती मुरायला कित्येक वर्षे जावी लागतात.

ही बाग नाथानिएल द रॉथशिल्डने १८५३ मध्ये विकत घेतली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची श्रेणीवार यादी केली. तिचा आधार होता बाजारभाव. लाफीत, लातूर (आपले नव्हे!), मार्गो आणि ओ-ब्रियाँ यांना पहिली श्रेणी मिळाली. मूताँ दुसऱ्या श्रेणीच्या अग्रस्थानी राहिली.

१९२२ मध्ये विशीतल्या फिलिप द रॉथशिल्डने कारभार हाती घेतला. तोवर वाइन पिंपांतून बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटल्या तेच भरत. म्हणजे आत काय गेले, याची हमी मळेवाला देऊ शकत नसे. १९२४ चे संपूर्ण पीक फिलिपने आपल्याच आवारात बाटलीबंद केले. माझ्या मते त्याची खरी क्रांती हीच.

महायुद्धात मळा जप्त झाला. फिलिपची पत्नी एलिझाबेथ १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत मरण पावली. त्याच वर्षीच्या वाइनच्या लेबलावर विजयाचा ‘व्ही’ आला आणि दरवर्षी नव्या चित्रकाराकडून लेबल करून घेण्याची प्रथा पडली. मोबदला पैशांत नव्हे, वाइनमध्ये! दाली, मिरो, शागाल यांच्या या मालिकेत २००९ चे लेबल मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचे आहे.

श्रेणीसाठीचा फिलिपचा झगडा अनेक दशके चालला. अखेर १९७३ मध्ये कृषिमंत्री जॅक शिराक यांच्या सहीने मूताँ पहिल्या श्रेणीत गेली. १८५५ च्या यादीत अशी बढती दुसऱ्या कुणालाही मिळालेली नाही. सही होण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तळघरातली वाइन तीच होती.

पुढे १९७६ मध्ये पॅरिसला लेबले झाकून एक चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच होते. लाल वाइनमध्ये त्यांनी पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या ‘स्टॅग्ज लीप’ला दिला. १९७० ची मूताँ आली दुसरी.