पाठीवरचा डबा

भाचा नोएडात राहतो. तिथून रस्त्याने हजारेक किलोमीटर गेल्याशिवाय समुद्र म्हणून काही दिसत नाही. तरी त्याला स्कूबाचं वेड लागलं आहे. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला हौसेनं बुडी मारली, मग रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता शनिवारी सकाळी दिल्लीतल्या एका तरणतलावाच्या तळाशी बसून बुडबुडे सोडत असतो. परवा त्याचा निरोप आला: "मामा, जॅकेट सोडून बॅकप्लेट-विंग घ्यायचं म्हणतोय. स्टीलची प्लेट घेऊ की अ‍ॅल्युमिनियमची? विंग 30 पौंडी पुरेल का 40 घेऊ? दुकानदार म्हणतो मोठीच घ्या."

मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. ज्यांनी तसं शिकून घेतलंय त्यांना या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच ठाऊक आहे. काकांनी डबा कमरेला खाली बांधला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. वर खांद्यांपाशी बांधला की पाय खाली लोंबकळायचे आणि विहिरीत उभ्या उभ्या सायकल चालवल्यासारखं व्हायचं. डबा तोच, हवा तेवढीच, पोरगंही तेच, पण चार बोटं दोरी सरकली की सगळा तोल बदलायचा. कुठे डबा असायचा, कुठे वाळलेल्या भोपळ्याची सांगड. भाचा आज तोच डबा घ्यायला निघाला आहे, फक्त तो हवा तसा फुगवता येतो.

बॅकप्लेट म्हणजे पाठीच्या आकाराचा, मधे पन्हळ पाडलेला, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा धातूचा पत्रा. त्यातून पाच सेंटिमीटर रुंदीची एकच अखंड पट्टी ओवून खांदे आणि कंबर बांधायची, आणि एक पट्टी दोन्ही पायांच्या मधून. पत्रा आणि हवेची टाकी यांच्यामध्ये जी पिशवी बसते ती विंग. नेहमीच्या जॅकेटमध्ये हवा छातीभोवती, कुशीत, खांद्यांवर सगळीकडे पसरते. इथे ती फक्त पाठीमागे राहते. झालं एवढंच यंत्र. त्यात न समजण्यासारखं काही नाही, म्हणूनच मला ते आवडतं.

हे आलं कुठून? 1961 मध्ये मॉरिस फेन्झी या फ्रेंच माणसानं गळ्यात घालायची फुगवता येणारी कॉलर काढली. बैलाच्या गळ्यातल्या जोखडासारखी. माणूस पृष्ठभागावर बेशुद्ध झाला तर तोंड वर राहावं यासाठी ती उत्तम होती. पण पाण्याखाली पोहायला तिचा उपयोग माझ्या खांद्यांपाशी बांधलेल्या डब्याइतकाच: डोकं वर, पाय खाली. मोकळ्या समुद्रात ते खपून गेलं. फ्लोरिडाच्या पाण्यानं भरलेल्या चुनखडीच्या गुहांमध्ये मात्र ते जिवावर बेतत होतं. गुहेच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. लोंबकळणाऱ्या पायाचा एक फटका बसला की तो उसळतो, आणि पुढे तासन्‌तास स्वतःचा हातही दिसत नाही. वर जायचं तर वर दगडाचं छत. तिथल्या पाणबुड्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस हवा पाठीमागे नेली, वजन पत्र्यात नेलं आणि स्वतःला आडवं केलं. ग्रेग फ्लॅनगन हे त्यातलं पहिलं नाव. बिल मेन यानं पुढे त्यातला प्रत्येक अनावश्यक चाप, खिसा आणि बक्कल काढून टाकलं. त्याच्या मधल्या नावावरून या राहणीला आजही 'होगार्थियन' म्हणतात. गंमत बघा, काहीही जादा न्यायचं नाही या तत्त्वावर उभी राहिलेली गोष्ट आज दुकानात 'टेक्निकल' म्हणून चार जादा कड्या लावून विकली जाते.

आता 30 की 40. पौंडातला हा आकडा म्हणजे विंग पूर्ण फुगवल्यावर किती वजन उचलेल तो. 30 म्हणजे साडेतेरा किलो, 40 म्हणजे अठरा. दुकानदार मोठी विंग सुचवतो ते मोठी बादली घ्या म्हणावं तशा सहज भावनेनं. पण दाब घटला की हवा फुगते हा नियम सांगणारे बॉइल साहेब तिथेच वाट बघत उभे असतात.

उष्ण पाण्यात जवळपास सगळीकडे मिळते ती अकरा लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी. 200 बार दाबाला भरली की तिच्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या आसपास होतं. हवेला वजन असतं हे आपण सातवीत शिकतो आणि आठवीत विसरतो. टाकीला ते लक्षात असतं: भरलेली असताना ती बुडते, रिकामी झाली की तरंगू पाहते. म्हणून कमरेला शिसं किती बांधायचं हे टाकी संपत आल्यावर ठरवायचं असतं. पाच मीटरवर, जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी, विंगमध्ये काहीच हवा नसताना स्थिर राहता आलं तर शिसं बरोबर. मग सुरुवातीला जे जादा वजन असेल ते फक्त त्या अडीच किलो हवेचं, आणि खोलीवर सूट दाबला गेल्यामुळे गेलेल्या तरंगशक्तीचं. तीन मिलिमीटरच्या पातळ सुटाला त्यासाठी दीड-दोन किलो धरा. म्हणजे विंगमध्ये चारेक लिटर हवा. पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच. साडेतेरा किलोची विंग यात आरामात बसते.

शिसं चार किलो जास्त बांधलं, तर? नवशिक्या बहुधा तेच करतो, कारण त्याला बुडण्यापेक्षा न बुडण्याची लाज जास्त वाटते. आता विंगमध्ये चारऐवजी आठ लिटर हवा हवी. दहा मीटरवर दाब दोन वातावरणांचा. तिथून नकळत पाच मीटरवर आलात की दाब दीड झाला, चार लिटरचे सव्वापाच झाले आणि आठाचे पावणेअकरा. पहिल्याला सव्वा किलोचा धक्का वर बसतो, तो श्वास सोडून सावरता येतो. दुसऱ्याला पावणेतीन किलोचा. तो आणखी वर जातो, हवा आणखी फुगते, ती आणखी वर नेते. मोठी विंग ही सुरक्षेची जादा तरतूद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. शिवाय एकाच टाकीला लावलेली रुंद विंग तिच्याभोवती दुमडते आणि वळकटीत हवा अडकवून ठेवते. नेमकी ती सोडायची असते तेव्हा.

हवेचं झालं. राहिलं ते काकांच्या दोरीचं गणित, म्हणजे डबा कुठे बांधायचा. इथे मला एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

पिएर बुगे. 1698 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ल क्रुआझिक गावी जन्मला. वडील नौकानयनाचे प्राध्यापक. ते वारले तेव्हा हा पंधरा वर्षांचा, आणि त्याच वयात त्याला वडिलांची जागा मिळाली. 1735 मध्ये पृथ्वीचा आकार मोजायला फ्रेंचांनी एक मोहीम दक्षिण अमेरिकेत पाठवली, तीत तो होता. सातेक वर्षं अँडीज पर्वतात, थंडीवाऱ्यात, सहकाऱ्यांशी भांडत त्याने काढली. आणि तिथे, समुद्रापासून दूर डोंगरात, त्याने जहाजांवरचं पुस्तक लिहिलं. 1746 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात जहाज का उलटतं किंवा का उलटत नाही याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. 'मेटासेंटर' हा शब्द त्याचाच. नोएडात बसून समुद्राचा विचार करणाऱ्यांनी त्याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

बुगेच्या गणितात एक मजा आहे. जहाज अर्धं पाण्याबाहेर असतं, म्हणून ते कललं की बुडलेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा उचल देणारा बिंदू बाजूला सरकतो. त्यामुळे वजनाचा मध्य वर असूनही जहाज सरळ राहू शकतं. पूर्ण बुडालेल्या वस्तूला ही सवलत नाही. तिथे नियम सरळ आहे: उचल वर, वजन खाली, आणि दोन्ही एका ओळंब्यात. मालवणच्या कुठल्याही मच्छीमाराला हे सांगायला बुगे लागत नाही. जाळ्याच्या वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या लावल्या की जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं.

पाणबुड्याचं जाळं उभं नको, आडवं हवं. आपल्या अंगातला सगळ्यात मोठा बोया म्हणजे छातीतली फुप्फुसं. पायांत मात्र हाडं आणि स्नायू. त्यात कमरेला शिशाचा पट्टा बांधला की बोया एका टोकाला आणि शिसं मधे, म्हणजे पाय खाली जाणारच. तेच वजन पत्र्याच्या रूपानं फुप्फुसांच्या बरोबर मागे आलं की उचल आणि वजन एकमेकांसमोर येतात, आणि माणूस टेबलासारखा आडवा तरंगतो. बॅकप्लेटचं सगळं कौतुक या एका गोष्टीसाठी आहे. बाकी टिकाऊपणा वगैरे ठीक.

बुगेवर झालेला एक अन्यायही सांगतो, विषय पाण्याचाच आहे. खोल गेल्यावर तांबडा मासा करडा का दिसतो? पाण्याचा प्रत्येक मीटर उरलेल्या प्रकाशातला ठरावीक हिस्सा खातो, आणि तांबड्यातला सर्वाधिक. ठरावीक हिस्सा, ठरावीक रक्कम नव्हे, हे 1729 मध्ये पहिल्यांदा सांगितलं ते बुगेनं. लँबर्टनं ते 1760 मध्ये मांडलं, बिअरनं 1852 मध्ये त्यात भर घातली. आपली पुस्तकं त्याला बिअर-लँबर्ट नियम म्हणतात. म्हणजे जो पहिला तोच गळाला.

असो. स्टील की अ‍ॅल्युमिनियम? दोन्ही प्लेटा एकाच साच्याच्या, म्हणून दोन्ही सारखंच पाणी बाजूला सारतात, सुमारे एकतृतीयांश लिटर. स्टीलची प्लेट पावणेतीन किलोंच्या आसपास, पाण्यात ती जवळपास दोन किलो चारशे ग्रॅम उरते. अ‍ॅल्युमिनियमची जेमतेम नऊशे ग्रॅम, पाण्यात उरते सहाशेच्या आत. फ्लोरिडाचा गुहावाला डोळे मिटून स्टील घेईल. दिल्लीकरानं घेऊ नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण फक्त विमानातल्या पंधरा किलोच्या सामानाचं नाही.

कारण तरणतलाव. दिल्लीतली पोरं गोड्या पाण्यात शिकतात आणि समुद्रात बुडी मारतात. गोड्या पाण्याचा लिटर एक किलोचा, समुद्राचा एक किलो पंचवीस ग्रॅमचा. पंचवीस ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. पण माणूस, सूट आणि टाकी मिळून शंभरेक लिटर पाणी बाजूला सारतात, म्हणजे समुद्रात त्यांना अडीच किलो जादा उचल मिळते. दिल्लीत अगदी अचूक जमवलेला माणूस तारकर्लीला पाण्यावर बुचासारखा डोलत राहतो, होडीतले लोक हसतात, आणि तो घाईघाईने चार किलो शिसं मागून घेतो. वर हिशेब केला ते चार किलो इथून येतात. उलट बाजूही आहे. सडपातळ माणूस, अंगात नुसती चड्डी-बनियन, तलावाचं गोडं पाणी आणि पाठीला स्टील: हे वजन त्याला जास्त होऊ शकतं, आणि पत्रा काही पट्ट्यासारखा सोडून टाकता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम घ्यावं, गरज पडेल तेवढं शिसं टाकीच्या पट्ट्याला वरच्या बाजूस लावावं, थोडं कमरेला सुटं ठेवावं. शिसं समुद्राकाठी सगळीकडे मिळतं, ते दिल्लीहून नेण्यात शहाणपण नाही.

दिल्लीत बसून समुद्राचं काम करणारे भाच्याखेरीज इतरही आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा पाण्याखालचा विभाग 2001 मध्ये सुरू झाला. त्याचंही नाव 'विंग'च, अंडरवॉटर आर्किऑलॉजी विंग. फेब्रुवारी 2025 मध्ये आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांचा चमू द्वारकेच्या समुद्रात पुन्हा उतरला, त्यात महिला पुरातत्त्वज्ञही होत्या. वर्तमानपत्रांनी लगेच श्रीकृष्णाच्या नगरीचे मथळे छापले. द्वारकेत जमिनीवर 1963 मध्ये डेक्कन कॉलेजच्या अन्सारी आणि माटे यांनी उत्खनन केलं होतं, त्याची आठवण मात्र त्या मथळ्यांत मला कुठे दिसली नाही. मथळा एका दिवसात होतो. पाण्याखाली एका दगडी नांगराचं चित्र काढायचं तर गाळाच्या हातभर वर, कशालाही न टेकता, पायांतल्या पंखांचा झोत खाली न लागू देता अर्धा तास आडवं तरंगावं लागतं. त्यांच्या पाठीवर कुठलं साधन होतं ते सोडा, गणित बुगेचंच.

भाच्यानं अ‍ॅल्युमिनियम घेतलं, विंग 30 पौंडी. मागच्या शनिवारी तलावात दोन किलो शिशावर बरोबर जमलं म्हणाला. दिवाळीनंतर मालवणला निघालाय. तिथे साडेचार मागायचं, आधी टाकी रिकामी करून तपासायचं आणि मगच होडीतल्या लोकांशी बोलायचं, एवढं मी त्याला बजावून ठेवलं आहे. पायांमधली पट्टी मात्र त्याला अजून काचते.