साठच्या दशकातल्या घरात राहायला जाताना

जुनं घर विकत घेतलं की पहिला सल्ला येतो तो तोडफोडीचा. ‘फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाका, झरोके बुजवा, फॉल्स सीलिंग करून एसी बसवा.’ भोपाळात टीटी नगराजवळच्या जुन्या वस्तीतलं साठच्या दशकातलं घर आम्ही घेतलं, तेव्हा नातेवाईकांपासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत होतं. आम्ही ठरवलं, की सगळे ऋतू या घरात आहे तसं राहायचं. हातोड्याचं नंतर पाहू.

हे घर ज्या काळातलं आहे, त्या काळात राजधानी म्हणून भोपाळ घडत होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचा महाकोशल भाग एकत्र येऊन नवं राज्य झालं. नागपूर विदर्भासह मुंबई राज्यात गेलं आणि त्याचं राजधानीपण संपलं. तिथल्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बिऱ्हाड आवरून इकडे आली, ग्वाल्हेर-इंदूरकडचीही आली. त्यांच्यासाठी सरकारी क्वार्टर उभे राहिले, त्या वस्तीला तात्या टोप्यांचं नाव मिळालं, तेच टीटी नगर. शहराच्या दुसऱ्या टोकाला हेवी इलेक्ट्रिकल्सची पिपलानी, बरखेड्याची वसाहत वसत होती. पुढे ज्यांना जमलं त्यांनी प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधलं. तेव्हा कूलरसुद्धा घरोघरी नव्हते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात घर थंड ठेवायचं, तर ते बांधतानाच ठेवावं लागे.

आमच्या दक्षिणेच्या खिडक्यांवर दोन फुटांचा काँक्रीटचा छज्जा आहे. दिसायला साधा, पण त्याचं माप हिशेबाचं आहे. कर्कवृत्त भोपाळच्या किंचित उत्तरेवरून, सांचीच्या वाटेवर जातं. त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छज्जा सगळी खिडकी झाकतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला शिवत नाही. डिसेंबरात मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून त्रेचाळीस अंशांवरच राहतो. छज्ज्याची सावली दोन फुटांच्या आतच संपते, खिडकीचा खालचा अर्धा भाग उघडा पडतो आणि ऊन थेट खोलीत येतं. थंडीत आमच्या घरातली सगळी माणसं न सांगता त्याच पट्ट्यात जमतात.

पश्चिमेला हा उपाय चालत नाही, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. म्हणून तिथे जिन्याला सिमेंटची जाळी आहे आणि बैठकीपुढे खोल व्हरांडा. छतालगत झरोके आहेत, मधल्या खिळीवर फिरणारे, दोरी ओढली की उघडणारे. छत साडेदहा फुटांवर. गरम हवा वर चढते आणि रात्री झरोक्यातून निघून जाते. तिच्या जागी खालच्या खिडक्यांतून गार हवा येते. बहुतेक झरोके रंगाच्या थरांनी चिकटले होते. रंग खरवडून, खिळीत तेल घालून, नव्या दोऱ्या ओवल्या, आणि एप्रिलच्या रात्री आतल्या खोलीतही उकडेनासं झालं.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो मोझेकला. बैठकीत पीव्हीसीचा रोल डिंकाने चिकटवलेला होता. तो निघाला आणि खाली संगमरवराच्या पांढऱ्या, पिवळसर, काळ्या तुकड्यांची फरशी दिसली. मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये दगडाची खडी कालवून, थापून, घासून काढलेला पृष्ठभाग. रंग आरपार असतो, म्हणून झिजली तरी नक्षी जात नाही, आणि वरचा थर उरला आहे तोवर ती पुन्हा घासता येते.

घासणारे कारागीर जुन्या भोपाळातून आले. मशीनच्या पोटाशी कार्बोरंडमच्या बट्ट्या लावतात. पहिली 60 नंबरची, खरखरीत. ‘पानी रुकना नहीं चाहिए, भैया,’ एवढंच त्यांनी आम्हाला बजावलं. पाणी धरायचं काम आमच्याकडे होतं. पाणी, सिमेंट आणि डिंक यांचा राखाडी चिखल खोलीभर झाला. तो रबराने ओढून काढला, की कारागीर उकिडवे बसून तळहात फिरवत. डोळ्यांना न दिसणारी भोकं तळहाताला कळतात. ती बुजवायला त्यांनी सिमेंटमध्ये चिमूट चिमूट पिवळा रंग घालून लगदा कालवला, फरशीच्या कोपऱ्यावर ठेवून वाळू दिला, रंग जुळेपर्यंत पुन्हा कालवला. भरलेला लगदा काही दिवस ओला ठेवला. मग 120, मग 320 नंबरची बट्टी, शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड आणि मेण. जाताना सांगून गेले, फरशीवर बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा लिंबू पडू देऊ नका. संगमरवर चुन्याचा दगड, आंबट त्याला खातं.

जुनं ते सगळंच सोनं नसतं. लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग अर्थिंगवाचून होती, ती पूर्ण काढली. गंजलेले लोखंडी पाइप बदलले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. तोडफोडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इथे कामी आले. आमची कसोटी एकच होती: जे थकलंय ते बदलायचं, जे अजून काम करतंय त्याला हात लावायचा नाही. आणि काय काम करतंय, हे ऋतू पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्मार्ट सिटीसाठी टीटी नगरातले जुने क्वार्टर पाडले गेले, आजूबाजूची बंगलीवजा घरंही एकेक करून इमारतींना जागा देत आहेत. माणसं वाढली, घरं लागणारच. पण पाडण्याआधी कुणी वास्तुविशारदाने या छज्ज्यांची, जाळ्यांची, झरोक्यांची मापं घेऊन ठेवावीत आणि नव्या नकाशात वापरावीत, असं मनापासून वाटतं. दहाव्या मजल्यावरच्या दक्षिणेच्या खिडकीवरही जूनचा सूर्य त्याच कोनातून येतो. तिथेही दोन फुटांचा छज्जा तेवढीच सावली देईल.