तणसावर धावणारा ट्रॅक्टर
पवनीत धानाची ट्रॉली ओढताना डिझेलचा ट्रॅक्टर जो काळा धूर सोडतो, तो म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. सीएनजीत, म्हणजे दाबाखाली भरलेल्या नैसर्गिक वायूत, मुख्यतः मिथेन. कार्बनचा अणू एक, हायड्रोजनचे चार. त्यामुळे काजळी जवळपास नाहीच, आणि तेवढ्याच ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. गळती मात्र अजिबात नको, न जळलेलं मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा हवा कितीतरी पट जास्त तापवतं!

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी डिझेलचा सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर देशासमोर आणला. मला खरी उत्सुकता आपल्या तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची आहे. ते कुजवून बायोगॅस, तो शुद्ध करून दाबाने भरला की चालली गाडी. त्यातला कार्बन धानानं हवेतूनच घेतलेला असतो.