ऋणको पुढारी, धनको रयत

सार्वजनिक पुढाऱ्याचा खाजगी हिशेब लोकांनी मागावा की मागू नये, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडील पुष्कळ सभ्य गृहस्थ कानांवर हात ठेवितात. पुढाऱ्याची देशसेवा पाहावी, त्याच्या घरची चूल कशावर पेटते ते पाहू नये, असे त्यांचे म्हणणे. हा सभ्यपणा आम्हांस मान्य नाही. ज्याच्या हाती देशाच्या खजिन्याची किल्ली द्यावयाची, त्याच्या घरखर्चाची तोंडमिळवणी कोण करतो, हे विचारण्याचा हक्क किल्ली देणाऱ्यास आहेच आहे. हा हक्क वेळीच न बजाविल्यास काय होते, याचा धडा दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष जेकब झूमा यांच्या चरित्रात मिळतो. तोच आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

आरंभीच सांगून टाकतो की, हे उदाहरण आम्ही एखाद्या भुरट्या चोराचे म्हणून घेतलेले नाही. तसे असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. झूमा यांचा जन्म १९४२ साली नाताळ प्रांतातील न्कांडला येथे झाला. वडील लहानपणीच वारले, शाळेचे तोंड फारसे पाहावयास मिळाले नाही, गुरे राखण्यात बालपण गेले. तरुणपणी ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये शिरले, १९६३ साली पकडले गेले, आणि नेल्सन मंडेला ज्या रॉबेन बेटावर कैदेत होते त्याच बेटावर दहा वर्षे काढून सुटले. पुढे १९७५ पासून १९९० पर्यंत परदेशात राहून त्यांनी गोऱ्यांच्या वर्णद्वेषी सत्तेशी झुंज चालविली. हा त्याग खरा आहे व त्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. पण त्याग ही काही दर्शनी हुंडी नव्हे की, जी मनास येईल तेव्हा सरकारी खजिन्यावर वटवावी!

तुरुंगातून व वनवासातून परतलेल्या माणसापाशी पैसा नव्हता, यात नवल नाही आणि लाजही नाही. परंतु संसार मोठा, खर्च त्याहून मोठा. तेव्हा कर्ज होणे क्रमप्राप्तच होते. या अडचणीत धावून आले ते डर्बनचे एक व्यापारी, शबीर शेख. १९९५ पासून २००२ पर्यंत बारा लाख रँडांहून अधिक रक्कम त्यांनी झूमा यांच्यासाठी मोजली. याच काळात झूमा हे प्रथम प्रांताचे मंत्री व १९९९ पासून देशाचे उपाध्यक्ष होते, आणि शेख यांच्या कंपन्या सरकारी कंत्राटांच्या पाठीस लागल्या होत्या. मित्राने मित्रास केलेली ही उसनवार आहे, असा बचाव शेख यांनी केला. न्यायमूर्ती हिलरी स्क्वायर्स यांनी तो फेटाळून जून २००५ मध्ये शेख यांस १५ वर्षांची सजा ठोठाविली. आणि त्याच महिन्यात अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी झूमा यांस उपाध्यक्षपदावरून दूर केले. उसनवारीला मुदत असते आणि देणाऱ्यास ती परत मागण्याची छाती असावी लागते. जी उसनवार पैशात फिटत नाही ती अखेर कशात फिटते, हे समजावयास कायद्याची पदवी लागत नाही.

खुद्द झूमा यांच्यावरील आरोप एप्रिल २००९ मध्ये काढून घेण्यात आले व पुढच्याच महिन्यात ते अध्यक्ष झाले. न्यायालयांनी आरोप मागे घेण्याचा तो निर्णय रद्द केल्यामुळे २०१८ साली खटला पुन्हा उभा राहिला, आणि मे २०२१ मध्ये झूमा यांनी सर्व आरोप नाकबूल केले. आरोप शाबीत होईतो आरोपी निर्दोष, हे तत्त्व आम्ही विसरलेलो नाही. म्हणून त्या आरोपांसंबंधी आम्ही निकाल देत नाही. आमचा प्रश्न इतकाच की, या खटल्याचा खर्च कोणी केला?

हा खर्च सरकारने केला. दोषी ठरल्यास पैसे परत करीन, एवढ्या कबुलीवर २००६ पासून झूमा यांच्या वकिलांची बिले सरकारी तिजोरीतून जाऊ लागली. आमचे अर्धे आयुष्य कोर्टात गेले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो: ज्या पक्षकाराची फी त्याच्या स्वतःच्या कनवटीतून जाते, तो प्रत्येक तारखेस चार वेळा विचार करतो, ज्याची फी परभारे जाते, त्यास तारखा गोड लागतात. झूमा यांच्या पक्षाने असे एकेक अर्ज, एकेक अपील आणि एकेक तहकुबी लढविली की, तेथील वकीलवर्गाने या डावपेचास ‘स्टालिनग्राडचा बचाव’ असे नाव दिले. म्हणजे शहरातील गल्लीन् गल्ली लढवावयाची, पण मुख्य प्रश्नापर्यंत शत्रूस पोहोचू द्यावयाचे नाही. या लढाईचा दारूगोळा रयतेच्या करातून येत होता! डिसेंबर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हा खर्च बेकायदा ठरविला, एप्रिल २०२१ मध्ये वरिष्ठ अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे २ कोटी ८९ लाख रँड व्याजासह परत करण्याचा हुकूम झाला. फौजदारी आरोप हा व्यक्तीवर असतो, पदावर नसतो. हे साधे तत्त्व कोर्टाकडून वदवून घेण्यास एका राष्ट्राची बारा वर्षे गेली.

न्कांडला येथील घराची हकीकत याच मासल्याची. अध्यक्षांच्या संरक्षणासाठी म्हणून त्यांच्या खाजगी वाड्यावर सरकारी खर्च सुरू झाला, आणि तो सुमारे २४ कोटी ६० लाख रँडांवर गेला. मार्च २०१४ मध्ये लोकसंरक्षक थुली मॅडॉन्सेला यांनी अहवाल दिला की, पोहण्याचा तलाव, गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे व प्रेक्षागृह यांचा संरक्षणाशी संबंध नाही. अध्यक्षांनी वाजवी हिस्सा भरावा. यावर पोलीसमंत्र्यांनी काय सांगितले? तलाव हा आग विझविण्यासाठी आहे! कायदेमंडळातील बहुमताने माना डोलाविल्या. अखेर ३१ मार्च २०१६ रोजी संविधान न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, अध्यक्षांनी राज्यघटनेचे पालन केले नाही. अर्थखात्याने रक्कम ठरविली: सुमारे ७८ लाख रँड.

आता हे ७८ लाख आले कोठून, ते वाचकांनी नीट पाहावे. व्हीबीएस नावाच्या एका लहानशा बँकेने झूमा यांस कर्ज दिले व त्यातून सप्टेंबर २०१६ मध्ये खजिन्याचा भरणा झाला. ही बँक लिंपोपो प्रांतातील. खेड्यापाड्यांतील पेन्शनर, मजुरी करणाऱ्या बाया आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी भिशी चालविणारी मंडळे हे तिचे ठेवीदार. मार्च २०१८ मध्ये ही बँक सरकारी प्रशासकाच्या ताब्यात गेली, आणि त्याच वर्षीच्या चौकशीत सुमारे १९० कोटी रँडांची लूट उघड झाली. ही लूट झूमा यांनी केली असे कोणी म्हणत नाही, व आम्हीही म्हणत नाही. पण पैशाचा फेरा तर पाहा! रयतेच्या पैशाने वाडा सजला. कोर्टाने दंडुका उगारला तेव्हा रयतेच्याच ठेवींतून कर्ज काढून खजिन्याचा भरणा झाला. आणि ती बँक गाळात गेली तेव्हा लाख रँडांपर्यंतच्या ठेवींची हमी पुन्हा सरकारनेच, म्हणजे रयतेनेच घेतली. ऋणको एक आणि धनको मात्र तिन्ही वेळा तीच, असे हे विलक्षण खाते आहे.

या खात्यात आम्हां हिंदी लोकांस मान खाली घालावयास लावणारे एक पान आहे. सहारणपूरहून १९९३ साली तेथे गेलेल्या गुप्ता बंधूंनी अध्यक्षांच्या चिरंजीवांस आपल्या कंपन्यांत संचालक केले. अर्थमंत्र्याचे पद गुप्ता कुटुंबाकडून आपणांस देऊ करण्यात आले होते, असे तत्कालीन उपअर्थमंत्री म्चेबिसी जोनास यांनी २०१६ साली जाहीरपणे सांगितले. गुप्ता यांनी आरोप नाकारले. परंतु २०२२ मध्ये पुऱ्या झालेल्या झोंडो आयोगाच्या अहवालाने, राज्ययंत्र त्यांच्या कह्यात गेले होते, असाच निष्कर्ष काढला. याच नाताळमध्ये १९०१ साली एक हिंदी बॅरिस्टर स्वदेशी निघाले असता लोकांनी त्यांस सोन्यानाण्याच्या भेटी दिल्या. पत्नीस मिळालेल्या हाराचाही मोह न धरता मोहनदास गांधी यांनी त्या सर्व भेटींचा लोककार्यासाठी विश्वस्तनिधी केला. घरात कलह झाला, तरी दस्तऐवज झालाच. त्याच भूमीत आमच्याच लोकांनी अशी उलट कीर्ती मिळवावी, याचे वैषम्य वाटते.

झूमा यांचे अनुयायी म्हणतात की, हे सर्व खटले राजकीय आहेत. परक्या सरकारने देशभक्तांवर भरलेले खटले आमच्या पूर्वजांनी पाहिलेले आहेत. त्यामुळे या युक्तिवादाची आम्ही थट्टा करीत नाही. पण येथे परका कोण? मॅडॉन्सेला यांची नेमणूक झूमा यांच्याच सहीने झालेली. झोंडो आयोगही त्यांनीच नेमलेला. आणि त्याच आयोगापुढे साक्ष देण्याचा हुकूम मोडला म्हणून २९ जून २०२१ रोजी संविधान न्यायालयाने त्यांस १५ महिन्यांची कैद दिली. त्यानंतर उसळलेल्या दंग्यांत तीनशेंहून अधिक माणसे मेली. मेले ते गरीब. दुकाने जळाली तीही गरिबांच्या वस्तीजवळची. झूमा मात्र दोन महिन्यांत प्रकृतीच्या कारणावरून बाहेर आले. आणि २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या नव्या पक्षास १४ टक्क्यांहून अधिक मते पडली! दोष एकट्या पुढाऱ्याचा नव्हे, हेच यावरून दिसते.

मग पुढाऱ्याने खटला लढवावयाचा तरी कशावर? त्याचे उत्तर महाराष्ट्राने १०० वर्षांपूर्वीच दिलेले आहे. १९१९ साली लोकमान्य टिळक विलायतेत चिरोल यांजवरील अब्रुनुकसानीचा दावा हरले व खर्चाचा डोंगर अंगावर आला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. ज्याची इच्छा होती त्याने दिले, ज्याची नव्हती त्याने दिले नाही. वर्गणी हे दान होय. खजिन्यातून घेतलेली रक्कम ही जबरीची वसुली होय. या दोहोंतील भेद जो विसरला तो कितीही मोठा देशभक्त असो, त्याच्या हाती किल्ली देऊ नये.

आमचे मागणे थोडके आहे. निवडणुकीच्या अर्जासोबत आपल्याकडील उमेदवारांस मालमत्तेचे व देण्याचे प्रतिज्ञापत्र कायद्याने द्यावेच लागते. ते वाचण्याची तसदी मतदाराने घ्यावी, आणि मिळकतीच्या रकान्याआधी देण्याचा रकाना वाचावा. कर्ज कोणाचे, ते कशातून फिटणार आणि वकिलाची फी कोण देतो, हे तीन प्रश्न भर सभेत विचारावे. विचारणाऱ्यास कोणी देशद्रोही म्हणेल, म्हणू द्यावे. लिंपोपोतील ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या अंत्यविधीचे पैसे त्या बँकेत ठेविले होते, त्यांच्या वतीने हे प्रश्न २०१६ पूर्वी कोणी विचारले असते, तर त्यास कोणी देशद्रोही म्हटले असते काय?